मधुदादा, दाविदभाऊ येऊन गेले

मधुदादा,

तुझ्या भावासाठी मागवलेली ती थुंकीच्या तपासणीची नळी अजून माझ्या कपाटात, औषधांच्या डब्यामागे पडून आहे. सील तसंच. तिच्यावरून आपण प्रकाशा गावच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या भांडलो, आणि शहाद्याची बस आली म्हणून भांडण थांबलं. मिटलं नाही. "पुढला आठवडामा बोलूत," असं तू म्हणालास. त्या पुढच्या आठवड्यात तू पपईच्या बागेत पाणी बघायला गेलास आणि बांधावर टेकलास तो उठलाच नाहीस.

भेटायला येणारे म्हणतात, चांगलं मरण आलं, कोणाला त्रास नाही. असेल तसं. मला मात्र कोणी बोलता बोलता उठून गेल्यासारखं वाटतंय. म्हणून लिहायला बसले. आणि आणखी एका कारणानं. तू गेल्यावर तुझ्याच अंगणात एक गोष्ट घडली, ती तुला कोणीतरी सांगायला हवी. सांगते, पण क्रमानं. तू स्वतः नात्याची गोष्ट कधी मधूनच सुरू करायचा नाहीस, थेट खापरपणज्यापासून यायचास.

लग्नात तू पंगतीत कमी आणि मंडपाच्या कडेला जास्त सापडायचास. एखादा अनोळखी म्हातारा एकटा बसलेला दिसला की खुर्ची ओढून त्याच्याशेजारी बसणार आणि विचारणार, "बाबा, गाव कोनतं? आजानं नाव काय?" चहा येईपर्यंत तो आपला नातलग झालेला असायचा. तळोद्याच्या त्या लग्नात तू नवरदेवाच्या मामालाच सांगितलंस की तुमची आणि आमची खापरपणजी सख्ख्या बहिणी. त्या माणसानं खरोखर उठून तुला मिठी मारली. सुनंदा, माझ्या काकांची मुलगी, मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आते दादा नवरीनाबी काका लागी." आणि तू लागलासही. वरात निघायच्या आत.

पण तुझा एक नियम होता, तो मी कधी मोडलेला पाहिला नाही. वंशावळीत नाव चढवायचं तर दोन वेगवेगळ्या घरांतल्या जुन्या माणसांनी ते सांगितलं पाहिजे. एकानं सांगितलेलं तू पेन्सिलनं लिहायचास, दुसऱ्यानं सांगितलं की पेननं. हा नियम मी पुढे तुझ्याच अंगावर टाकणार होते, हे तेव्हा आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आपलं नातं तर त्यात केव्हाचं पेननं लिहिलेलं होतं. माझ्या वडिलांची थोरली बहीण गोदूफुई, तिचा एकुलता एक मुलगा तू. तिचे यजमान, फुवा, रेल्वेत होते. तू शाळेत जायच्या आधीच ते वारले आणि फुई तुला घेऊन माहेरी, प्रकाशाला आली ती कायमची. मी तुझ्यानंतर सहा-सात वर्षांनी त्याच घरात जन्मले. 'माझा भाऊ' असा निबंध लिहिताना गुरुजींनी विचारलं, "सख्खा का गं?" तेव्हा मला कळलं की तू आत्येभाऊ आहेस. घरी येऊन फुईला विचारलं तर तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाली, "निबंधमा सख्खा लिख."

मग माझी कल्याणी दिवाळीला परदेशातून आली आणि येताना त्या नळ्या घेऊन आली. तुझाच हट्ट. आपली माणसं पिढ्यांमागे गुजरातेतून आली, त्यातली एक शाखा मागेच राहिली, त्यांची लेकरं आता जगभर पसरलीत, असं तू ऐकून होतास. थुंकीवरून लांबचे चुलत भाऊ सापडतात हे कल्याणीनं एकदा फोनवर सांगितलं आणि तुला दुसरं काही सुचेना. माझ्या ओट्यावर सकाळच्या उन्हात आपण तिघं बसलो होतो, तू, मी आणि सुनंदा. माझी आणि सुनंदाची नळी भरली. तुझ्या तोंडाला पाणीच सुटेना.

"चिच आठव, दादा," सुनंदा म्हणाली.

"आठवी ऱ्हायनू ना. चिच आठवस ते भाव आठवस, भाव आठवस ते तोंड कोरडं पडस."

कल्याणी हसून हसून खाली बसली. शेवटी मी आतून खरीच चिंच आणून तुझ्या नाकासमोर धरली. ती सकाळ मला फार आठवते. पुढचं काहीच ठाऊक नसलेली ती आपली शेवटची सकाळ होती.

निकाल आला तेव्हा कल्याणीनं मला एकटीला फोन केला. ती काळजीपूर्वक बोलत होती, म्हणूनच मी घाबरले. तिनं समजावलं ते असं: सख्ख्या चुलत-आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा सारखा निघतो, कमीजास्त होतो, पण अजिबात निघाला नाही असं होत नाही. माझ्यात आणि सुनंदात तो तसा निघाला होता. आपल्या समाजात लग्नं आपल्या आपल्यात होत आल्यामुळे थोडा जास्तच. तळोद्याचा, शहाद्याचा जो कोणी तपासणीच्या यादीत होता, तो आम्हा दोघींशी थोडाफार जुळत होता.

"आणि मधुमामा?"

"आई, मामा तुमच्यापैकी कोणाशीच जुळत नाहीत. थोडेसुद्धा नाही."

तुला सांगायला मी प्रकाशाला आले. तू शांतपणे ऐकलंस आणि म्हणालास, "नळी बदलनी व्हई." मलाही तेच वाटत होतं, किंवा वाटायला हवं होतं. पुन्हा नळी मागवली. त्या वेळी चिंच लागली नाही. तू पाठ करून बसलास आणि भरून दिलीस. उत्तर तेच आलं.

त्यानंतर तू लग्नांना जायचं बंद केलंस. गुडघ्यांचं कारण सांगायचास.  आपण पपईच्या रोगाबद्दल बोलायचो. मग एके दुपारी तू अचानक माझ्या घरी आलास आणि सरळ आतल्या खोलीत मायपाशी जाऊन बसलास. माझी माय, तुझी मामी, तुरीची डाळ निवडत होती. पंच्याऐंशीच्या घरात आहे, पण डाळीतला खडा अजून तिच्या बोटांना सापडतो.

"मामी, एक इचारू?"

"इचार ना."

"मी गोदूमायना पोटना शे का?"

मायचा हात सुपातून निघाला नाही. "नही," ती म्हणाली.

दारात मी उभी होते. मला वाटलं, छत खाली येईल. काहीच झालं नाही. ती डाळ निवडत राहिली.

"तुले ठाऊक व्हतं?"

"गोदूनीच सांगं व्हतं. मी नवी नवरी व्हतू. नदीवर धुनं धोवाले गया व्हतूत आम्ही. म्हनी, वयनी, हाऊ मन्हा पोटना नही, पन मन्हाच शे. मी म्हनं, बरं. आखो काय म्हनू?"

"इतला वरीस बोलनी नही?"

"तू इचारं नही."

 मग तू विचारलंस, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकलेला नव्हता, "मंग मी कोना, मामी?"

"गोदूना. आखो कोना ऱ्हाशी?"

तिला एवढंच माहीत होतं की फुवा खांडबाऱ्याच्या स्टेशनावर असताना तू त्यांच्या घरी आलास. नाव-गाव फुईनं सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. तिच्याकडे आणखीही एक गोष्ट होती, पण तू पुढे काही विचारलं नाहीस. उठलास, चपला घातल्यास आणि माझ्याकडे न बघता निघून गेलास.

महिने गेले. तुझा राग नव्हता कोणावर. एकदा मात्र म्हणालास की लोकांची घरं जोडत बसलो आणि मलाच घर नाही. मी चिडले. फुईनं तुला कसं वाढवलं, ते तुलाच ऐकवलं. तू म्हणालास, "शैला, माले माय भेटनी. ती बाई गयी कोठे, इतलंच इचारी ऱ्हायनू." ती बाई म्हणजे जिनं जन्म दिला ती. 

आणि मग कल्याणीचा फोन आला की तुझ्याशी जुळणारं कोणीतरी यादीत आलंय. परदेशात नर्स असलेली एक मुलगी, नाव रोशनी. मी आणि सुनंदा जेवढ्या जुळतो, जवळपास तेवढीच ती तुझ्याशी.

"म्हणजे मन्ही चुलतबहीन?" तू विचारलंस.

"मामा, ती पंचविशीची आहे," कल्याणी म्हणाली. "चुलत बहिणीत जेवढं निघतं तेवढंच भावाच्या नातीतही निघतं. हा आकडा किती जवळचं ते सांगतो, काय लागतं ते नाही सांगत. ते वयावरून आणि माणसांना विचारूनच काढायचं."

माणसांना विचारूनच काढायचं म्हटल्यावर तुझ्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुना मधुदादा दिसला. ते तर तुझंच काम.

कल्याणीनं तिला लिहिलं. रोशनीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तिचं घर खांडबाऱ्याजवळच्या गावात, कुटुंब ख्रिस्ती, घरात त्यांची, कोकणी आदिवासींची, डोंगरातली बोली. आजोबा दाविद अजून आहेत, शेती बघतात. तिनं त्यांना फोन करून फक्त एवढंच विचारलं होतं की आपलं कोणी लहानपणी दूर गेलंय का? त्यावर आजोबा लगेच म्हणाले होते, माझा धाकटा भाऊ. स्टेशनवाल्या बाईंकडे गेला.

नितीनचं त्या वेळचं बोलणं तू मनातून काढून टाकलं असशील, पण मी लिहिते, कारण पुढे तो काय वागला ते त्याशिवाय समजणार नाही. तुझा मुलगा घाबरला होता. त्याच्या लेकीचा, पूजाचा, साखरपुडा ठरला होता आणि समोरची मंडळी मोठी.

"पप्पा, कसाले उकरी ऱ्हायनात? लोके काय म्हनतीन? आपन कोन, हाई इचारतीन."

"मी लोकेसले सांगाले नही जाई ऱ्हायनू. मन्हा भाऊले भेटाले जाई ऱ्हायनू."

"तो तुमना भाऊ नही. तुमनी बहीन आठे बठेल शे," असं म्हणून त्यानं माझ्याकडे बोट केलं. मला त्याचा राग यावा की बरं वाटावं, कळेना. शेवटी तू त्याला शब्द दिलास की पूजाचं लग्न होईपर्यंत बाहेर एक अक्षर जाणार नाही. मामीलासुद्धा नाही, कारण मामीला कोणी विचारलं तर ती खरं सांगेल. लग्न झालं की दाविदभाऊंना प्रकाशाला आणायचं, मामीला भेटवायचं, असं तू मनाशी ठरवलं होतंस.

आपण नंदुरबारहून गाडीनं गेलो. खिडकीशी बसून तू सगळ्या वाटेवर एकदाही कोणाला त्याच्या आजाचं नाव विचारलं नाहीस. खांडबाऱ्याला उतरलो तर फलाटावर एक उंच, वाळलेला म्हातारा पांढरा शर्ट घालून उभा. त्यानं विचारलं, "मधुकर?" आणि तू हजेरी दिल्यासारखं "जी" म्हणालास. दोघंही पुढे काय करायचं ते न कळून उभे. मग त्यांनी तुझ्या हातातली पिशवी घेतली. पिशवीत काही नव्हतं, दोन पपया होत्या, तरी त्यांनी ती घरापर्यंत दिली नाही.

घरी नागलीच्या भाकरी होत्या, आपल्यासाठी उडदाची डाळ वेगळी शिजवलेली होती. तू कोंबडी खात नाहीस हे रोशनीनं परदेशातून कळवलं होतं. दाविदभाऊ शाळेतली मराठी बोलत होते, सावकाश, एकेक वाक्य उचलून ठेवल्यासारखं.

"आई तुझ्यानंतर उठली नाही," ते म्हणाले. "तू रडायचास. शेळीचं दूध पोटात टिकेना. बाप रेल्वेच्या गँगमध्ये होता, रुळांच्या कामावर. स्टेशनातल्या बाईंचं बाळ त्याच दिवसांत गेलेलं. कोणीतरी बापाला म्हणालं, विचारून बघ. बापाला विचारायची लाज वाटली. तुला घेऊन नुसता दाराशी उभा राहिला. बाईंनीच हात पुढे केले."

तू तांब्यातलं पाणी हातात घेऊन बसला होतास, ते प्यायचं तुला सुचत नव्हतं.

"आधी पाजायला नेत होता. सकाळी सोडायचा, संध्याकाळी आणायचा. मग तू तिकडेच राहायला लागलास. मग स्टेशनातल्या बाबूंची बदली आली, भुसावळकडं."

"त्यासनी मांगं का माले?" तू विचारलंस.

"नाही. त्यांनी मागितलं नाही. बाई तुला परत द्यायला आल्या होत्या. बाप म्हणाला, घेऊन जा. इथं हा जगायचा नाही."

हे ऐकून तू मान खाली घातलीस. फुईनं तुला हिसकावून आणलेलं नव्हतं, आणि त्या बापानं टाकूनही दिलेलं नव्हतं. माझ्या मते, तुला इतक्या महिन्यांत याच दोन गोष्टींची भीती होती.

"ज्या दिवशी गाडी गेली," दाविदभाऊ म्हणाले, "त्या दिवशी बाप लाईनीवर कामावरच होता. मी त्याची भाकरी घेऊन गेलो होतो. घरी येऊन तो जेवला नाही." एवढं बोलून ते थांबले. काहीतरी आणखी बोलतील असं मला वाटलं, पण त्यांनी सुनेला डाळ वाढायला सांगितली.

मग त्यांनी आपल्याला गावाबाहेर, आईच्या कबरीपाशी नेलं. साधी माती, कडेला दगड, एक लाकडी क्रूस, तोही अलीकडे बदललेला. तू चपला काढल्यास आणि बराच वेळ उभा राहिलास. वाकून नमस्कार केलास, आपल्या पद्धतीनं. दाविदभाऊंनी डोळे मिटून प्रार्थना केली, त्यांच्या पद्धतीनं. कोणी कोणाची पद्धत बघत नव्हतं.

आणि परतीच्या गाडीत मी नळीचा विषय काढला. सख्ख्या भावांत निम्म्याच्या आसपास जुळतं. दाविदभाऊंनी एकदा नळी भरून दिली की संशयच उरणार नाही, असं मी म्हणाले.

"संशय कोना शे?" तू विचारलंस.

"कोणाचा नाही. पण नातीवरून आपण अंदाज केलाय, दादा. तू स्वतः दोन घरांतून ऐकल्याशिवाय पेन उचलत नाहीस."

"ते दुसरासनं व्हतं."

"म्हणजे स्वतःच्या वेळी नियम नाही?"

तू चिडलास. "मन्ही पिशवी धरी बठना तो घर येवापावत. त्याना तोंडमा आते नळी घालू? म्हनू, दाविददादा, थुंक, मंग भाऊ म्हनसु?"

ते वाक्य माझ्या मनाला लागलं, तरी पुढे मी नळी मागवलीच आणि स्टँडवर तेच भांडण पुन्हा झालं. मला अजून वाटतं की माझं अगदीच चूक नव्हतं. रोशनीलाही तो निकाल हवा होता. आजोबा कधी ना कधी जातील, मग विचारायला कोणी उरणार नाही, असं तिचं म्हणणं. तुला वाटत होतं, मी प्रेमाचा पुरावा मागतेय. मला वाटत होतं, खरं कळलं म्हणून प्रेमाचं काही बिघडत नाही, हे तर आपणच दाखवलं होतं. आपल्या दोघांत शून्य निघालं आणि पुढच्या राखीला तू नेहमीप्रमाणे सकाळीच येऊन हजर.

त्या राखीला तू हात पुढे करून म्हणालास, "बांधशी ना? आते ते शैलाबाई, आपलं काहीच लागस नही." मस्करी होती. मी गाठ इतकी आवळली की तू "अवं, रगत थांबी" म्हणून ओरडलास. मला त्या क्षणी तुला काहीतरी सांगायचं होतं. कॉलेजला नंदुरबारला पाठवायला वडील तयार नव्हते, तेव्हा रोज पहाटे मला स्टँडवर सोडायला तू यायचास. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा तू व्हरांड्यात पंचा टाकून झोपायचास आणि कोणी विचारलं तर सांगायचास, "मी पेशंटचा मेहुणा." यातलं काहीही रक्तानं तुझ्यावर बंधनकारक नव्हतं, हे आता कळलं होतं. म्हणजे ते सगळं तू उगाचच केलं होतंस, नुसतं करावंसं वाटलं म्हणून. हे मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. तुझ्या तोंडात पेढा घातला.

पूजाचं लग्न तू पाहिलं नाहीस. दीड महिना आधीच गेलास.

आता नितीनचं सांगते. तू गेल्याचं कळल्यावर मी तुझ्या घरी पोचले तेव्हा तो फोनवर होता. मला वाटलं, भाऊबंदांना कळवतोय. तो म्हणत होता, "काका, तुम्ही या. तुम्ही येवापावत उचलत नही." मी विचारलं, कोण काका? त्यानं फोन खिशात ठेवला. "दाविदकाका," म्हणाला आणि लाकडांचं बघायला गेला.

दाविदभाऊ मुलाला घेऊन जीपनं आले आणि गर्दीच्या मागे उभे राहिले. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा नितीननं मागे वळून हाक मारली, "काका, पुढे या." माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी कोणाला तरी विचारलंच, हे कोण? नितीन स्पष्ट आवाजात म्हणाला, "पप्पासना मोठा भाऊ." पूजाच्या सासरची मंडळी तिथेच होती. दाविदभाऊंनी चपला काढल्या आणि पुढचा डावा खांदा घेतला. तापीपर्यंत त्यांनी तो बदलू दिला नाही. लग्न मोडलं नाही, दादा. थोडी कुजबुज झाली, दोन-चार फोन झाले, मग पूजाच्या सासऱ्यानं स्वतः येऊन सांगितलं की ठरल्या दिवशीच करू.

मायला त्या दिवशी नेलं नव्हतं, तिला झेपलं नसतं. दहाव्याला मात्र ती हटून आली. घाटावरचं उरकून सगळे तुझ्या अंगणात आले. निंबाखाली तिला खुर्ची दिली होती. दाविदभाऊ जवळून गेले तेव्हा तिनं काठी आडवी केली.

"तू कोना, भाऊ?"

"मी दाविद. खांडबाऱ्याचा. मधुकरचा मोठा भाऊ."

मायनं त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. "बैस. आठे बैस. तुन्हा बाप लाइनवर व्हता का?"

"होय."

"गोदूनी गाडी गयी तवय तठे व्हता?"

"होता. मीही होतो."

मायनं काठी मांडीवर आडवी ठेवली. तिचा आवाज आता बारीक झालाय, म्हणून मी खाली बसले.

"गोदू माले गंज येळा सांगे," ती म्हणाली. "गाडी लाइनना मानसेसपाशी धीमी व्हयनी, तवय तिनी पोऱ्याले खिडकीमाईन बाहेर धरं. दोन्ही हातवर. बाप देखी ल्हेवो म्हनीसन. पन धूर व्हता, तिले त्याना चेहरा दिसना नही. त्यानी देखं का नही, तिले समजनं नही. मरेपावत तिले तेच लागी ऱ्हायंथं."

 दाविदभाऊंचे हात गुडघ्यांवर होते. मग तेच हात त्यांनी वर केले, दोन्ही, डोक्याच्या वर.

"असे," ते म्हणाले. "बापाच्या हातात झेंडी होती. त्यानं ती टाकली आणि असे हात वर केले. गाडी दिसेनाशी झाली तरी खाली घेईना. मुकादम ओरडला त्याच्यावर. देखलं, माय. त्यानं देखलं."

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी घरी हे का नाही सांगितलंत?

"पहिल्याच भेटीत कसं सांगू?" ते म्हणाले. "मला रडू आलं असतं, त्यालाही आलं असतं. पुन्हा येतो म्हणाला होता ना."

अंगणात पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती. मायनं दाविदभाऊंचा हात धरला, दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला. मग समोर कोणीच नव्हतं तिकडे बघून, तू घरात आहेस आणि हाकेच्या अंतरावर आहेस अशा नेहमीच्या सुरात ती म्हणाली, "मधू, तुन्हा मायले सांगजो रे. त्यानी देखं व्हतं."

तिचा आवाज लहान आहे, तुझ्यापर्यंत पोचला की नाही मला ठाऊक नाही. म्हणून मी परत सांगते. दादा, त्यांनी पाहिलं होतं. फुईला सांग.